करंजाच्या पानांवरच्या गाठी आणि वसंतातल्या फेरफटक्याचे इतर प्रश्न

फाल्गुन-चैत्रात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन प्रश्न हमखास असतात. झाडाला काहीतरी झालंय, काय फवारू? पक्ष्याला काहीतरी झालंय, काय खायला घालू? या वेळचे बरेचसे प्रश्न त्याच जातीचे आहेत. काहींची उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत, कारण या दिवसांत घाईने केलेला उपाय पुष्कळदा मूळ दुखण्याहून जास्त नुकसान करतो.

आमच्या रस्त्यावरच्या करंजांना नुकतीच लुसलुशीत पालवी आली आणि पंधरा दिवसांत निम्म्या पानांवर बोटासारखे फोड उठले. सोसायटी कीटकनाशक फवारायचं म्हणते आहे. फवारावं का?

नको. हे फोड म्हणजे पानानेच बनवलेल्या गाठी आहेत आणि त्या एका अतिसूक्ष्म कोळ्यामुळे बनतात. शास्त्रीय नाव आसेरिया पोंगॅमिई. जाळी विणणाऱ्या कोळ्याशी याचं नातं लांबचं आहे. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी, आकार गाजरासारखा निमुळता, आणि पायांच्या चार जोड्यांऐवजी दोनच जोड्या. एक फोड ब्लेडने उभा चिरा आणि किमान दहापट भिंगाखाली, भरपूर उजेडात, आतली पोकळी पाहा. तिच्यात पांढरट, जेमतेम हलणारे ठिपके दिसले तर तेच ते कोळी. पान उलटून फोडाच्या बुडाशी पाहिलंत तर एक बारीक छिद्र सापडेल. कोळ्यांची ये-जा तिथूनच होते.

गाठ फक्त कोवळ्या पानावर तयार होते, कारण तिथल्या पेशी अजून वाढत असतात. कोळ्याने त्या टोचल्या की वाढीला वेगळं वळण लागतं आणि पान त्या जागी पिशवीसारखं फुगतं. पान एकदा जून झालं की त्यावर नवी गाठ येत नाही. म्हणजे फोड तुमच्या नजरेत भरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आता फवारलेलं औषध बंद गाठीत पोचत नाही आणि गाठ काही मिटत नाही. औषधाने मरतात ते याच कोळ्यांना खाणारे दुसरे कोळी आणि लहान कीटक. शिवाय करंजाचा बहर तोंडावर आलेला असतो, त्यावर मधमाश्या येतात, त्यांच्याही अंगावर ते औषध जातं. मोठ्या करंजाला या गाठींनी फारसा फरक पडत नाही. गाठींचं पानसुद्धा हिरवं असतं आणि आपलं काम करत राहतं.

अपवाद फक्त दोन-तीन वर्षांच्या रोपाचा. त्याला मुळात पानं थोडी, त्यामुळे झळ जास्त लागते. खूप गाठाळलेली पानं देठासकट खुडून पिशवीत बांधून टाका, रोपाखाली टाकू नका. दरवर्षीच रोपाचे हाल होत असतील तर पुढच्या वसंतात पालवी नखाएवढी असतानाच पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारा. फोड आल्यावर त्याचा उपयोग नाही आणि कडक उन्हात फवारलंत तर कोवळी पानं करपतात. एप्रिलच्या दुपारी गंधक फवारून रोप घालवल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

करंजाच्या पानावर फोडांऐवजी पांढुरके, फुगीर चट्टे असतील तर तो वेगळा प्रकार. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खाणारी ती नागअळी. पान उजेडासमोर धरलं तर आतली अळी किंवा तिच्या विष्ठेचे काळे कण दिसतात. मोठ्या झाडावर तिच्यासाठीही काही करायला नको.

पिंपळाची नवी पानं तांबूस येतात आणि मरगळल्यासारखी लोंबतात. उन्हाने करपतात का? आणि एकाच रस्त्यावर एक पिंपळ बोडका, तर दुसरा हिरवागार, असं का?

ती करपलेली नाहीत. नव्या पानात हरितद्रव्य तयार व्हायला वेळ लागतो. तोवर कडक ऊन नाजूक पेशींना मारक ठरू शकतं. अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य त्या उन्हाचा काही भाग शोषून घेतं. किडे अशी पानं कमी खातात असंही अनेक झाडांच्या बाबतीत दिसलं आहे. खाल्लीच तरी झाडाचं नुकसान थोडं, कारण पानात अजून फारशी गुंतवणूक झालेली नसते. लोंबणंही त्यातलंच. पानाला ताठपणा देणारे धागे नंतर घट्ट होतात, आणि खाली लोंबणाऱ्या पानावर दुपारचं ऊन तिरपं पडतं. सीताअशोकाची पालवी तर झुबक्यासारखी लोंबते. आंबा आणि कुसुंब यांचीही पालवी तांबडी असते. एका फांदीवर देठाकडून शेंड्याकडे पाहत जा, हिरव्यापासून तांब्याच्या रंगापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एका वितीत सापडतात.

खरं करपणं ओळखायचं असेल तर पानाची कड बोटांत धरा. पालवी मऊ आणि लवचीक असते. करपलेली कड तपकिरी होते आणि कुरकुरीत तुटते. लोंबणारी पानं पाहून झाडाला पाणी घालायला धावू नका.

दोन पिंपळांमधला फरक बहुतेक त्या त्या झाडाचाच असतो. आंब्यांतही एक झाड आधी मोहरतं, एक मागून. मुळांना पाणी किती मिळतं, मागच्या वर्षी छाटणी झाली का, यांचाही परिणाम होतो. गळक्या पाइपाजवळचं झाड उशिरा पानं गाळतं असं पाहायला मिळतं. पण वड, पिंपळ, उंबर यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. यांचं परागीभवन चिलटाएवढ्या वास्प, म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले बारीक कीटक, करतात. अशी वास्प फळातून बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसच जगते, आणि तेवढ्यात तिला त्याच जातीचं, नेमक्या अवस्थेतली फळं असलेलं दुसरं झाड गाठावं लागतं. परिसरातली सगळी झाडं एकदम फळली असती तर उरलेल्या वर्षात या वास्पना जागाच मिळाली नसती. म्हणून या कुळात प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं असणंच सोयीचं. तुमच्या रस्त्यावरचा मागे पडलेला पिंपळ आजारी आहे असं समजू नका.

शिरीषाच्या पालवीवर मुंग्यांची रांग लागलेली असते. त्या पानं खातात का?

नाही. संयुक्त पानाचा मुख्य देठ हातात घ्या. बुडाजवळ, वरच्या बाजूला एक लहानसा चकचकीत उंचवटा दिसेल. ती मधुग्रंथी. फुलाशी तिचा संबंध नाही. तिच्यातून गोड रस पाझरतो, तो प्यायला मुंग्या येतात आणि वाटेत भेटलेल्या अळ्या आणि किड्यांची अंडी उचलून नेतात. पान कोवळं असतानाच रस जास्त येतो, कारण राखणीची गरज तेव्हाच असते. भिंगाशिवाय पाहायचं असेल तर रस्त्याकडेचा एरंड शोधा. पान आणि देठ जुळतात तिथेच त्याच्या ग्रंथी उघड दिसतात. मात्र मुंग्या शेंड्यावर एका जागी गर्दी करून असतील आणि मध्ये हिरवे-काळे मऊ किडे चिकटलेले दिसले, तर तो मावा. मुंग्या त्यालाही सांभाळतात. लहान रोपावर मावा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने तो झडून जातो.

गळून पडलेलं पिलू सापडलं तर नेमकं काय करायचं?

आधी दोन पावलं मागे सरका आणि पिलाच्या अंगावर पिसं किती आहेत ते पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अंगावर पूर्ण पिसं, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारतंय, बोटावर ठेवलं तर घट्ट पकडून बसतंय, असं पिलू घरट्यातून पडलेलं नसतं. ते घरटं सोडून निघालेलं असतं. मैना, बुलबुल, दयाळ यांची पिलं नीट उडता येण्याआधी काही दिवस अशीच जमिनीवर आणि झुडपांत काढतात आणि आईबाप तिथेच येऊन भरवतात. ते रस्त्याच्या मधोमध असेल तर उचलून जवळच्याच झुडपात किंवा कमी उंचीच्या फांदीवर ठेवा आणि निघा. जवळच्याच म्हणजे काही पावलांवरच्या, कारण आईबाप पिलाचा आवाज ऐकून त्याच भागात शोधतात. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ते येत नाहीत. आसपास पाळीव मांजर असेल तर तिच्या मालकांना सांगून तिला तीन-चार दिवस घरात ठेवायला लावा. इतर कुठल्याही मदतीपेक्षा या एका गोष्टीने जास्त पिलं वाचतात.

अंग उघडं, डोळे मिटलेले किंवा पिसांचे नुसते कोंब, असं पिलू मात्र खरंच पडलेलं असतं. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा वास लागला की पक्षी पिलाला टाकतात, हा समज खोटा आहे. त्या भीतीने पिलाला हात न लावणं चूक. घरटं मोडलं असेल किंवा फार उंच असेल तर टोपली किंवा बुडाला भोकं पाडलेला डबा घ्या, आत वाळलेलं गवत घाला आणि मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, दोरीने किंवा तारेने पक्का बांधा. भोकं विसरू नका, वळवाचा एक पाऊस पिलाला डब्यात बुडवायला पुरतो. मग दहा-पंधरा मीटरवरून दोन तास लक्ष ठेवा. आईबाप आले तर तुमचं काम संपलं.

जखम दिसत असेल, माश्या घोंगावत असतील, मांजराचा दात किंवा नख लागलं असेल, किंवा दोन तासांत कोणीच फिरकलं नाही, तर पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य किंवा वन्यजीव बचाव करणारी संस्था गाठा. मांजराने धरलेलं पिलू वरून ठीक दिसलं तरी त्याच दिवशी न्या. मांजराच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे पिलू दगावू शकतं. नेताना भोकं पाडलेलं खोकं, आत सुती कापड, झाकण बंद. अंधारात पिलू शांत राहतं.

चोचीत पाणी घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, त्यामुळे ड्रॉपरचं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दूध आणि पाव तर कधीच नको. आणि पिलू घरी वाढवायचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा पक्षी पाळता येत नाही, आणि माणसात वाढलेलं पिलू पुढे बाहेर तगणंही कठीण असतं.

कावळा आपल्यापेक्षा वेगळ्याच दिसणाऱ्या पिलाला भरवताना दिसला तर ते कोकिळेचं असणार. तेही तसंच राहू द्या.

एक छोटा काळसर-जांभळा पक्षी रोज सकाळी गाडीच्या आरशावर चोच मारतो. त्याला कसं थांबवावं?

वर्णनावरून तो शिंजीराचा नर. विणीच्या दिवसांत तो आपली हद्द राखतो आणि आरशातला पक्षी त्याला घुसखोर वाटतो. बुलबुल आणि दयाळही हे करतात. तास-तास भांडण्यात त्याची शक्ती वाया जाते. गाडी उभी केली की आरसे आत मिटवा आणि त्यांवर कापडी पिशवी चढवून नाडी बांधा. खिडकीची काच असेल तर पडदा आतून लावू नका. मागे अंधार झाला की प्रतिबिंब उलट ठळक दिसतं. काचेला बाहेरून साबणाचं दाट पाणी फासा किंवा कागद चिकटवा. खेळण्यातला साप किंवा ससाण्याचं चित्र दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. काही आठवडे आच्छादन ठेवलं की सवय मोडते.

भर दुपारी कुठूनतरी 'टुक टुक टुक' असा एकसुरी आवाज येतो, पण पक्षी दिसत नाही. आणि त्याच झाडाची एक वाळकी फांदी सोसायटीला कापायची आहे.

तो तांबट. चिमणीहून जरा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा. मिनिटाला शंभरेक टोले देतो. चोच मिटलेलीच असते, गळा तेवढा फुगतो, आणि टोले देताना तो मान इकडून तिकडे वळवत राहतो. म्हणून आवाजाची दिशा सारखी बदलल्यासारखी वाटते. आवाजामागे जाऊ नका. झाडाच्या शेंड्यावरची उघडी, निष्पर्ण डहाळी शोधा, तो बहुधा तिथेच असतो. फळं लगडलेला वड-पिंपळ जवळ असेल तर आधी तिथे पाहा.

फांदीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तांबट वाळक्या, मऊ लाकडात, बहुधा फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक कोरून घरटं करतो. कापण्याआधी फांदीखालची जमीन पाहा. ताजा लाकडी भुसा, भोकाची उजळ कड, आणि सकाळी अर्धा तास थांबल्यावर चोचीत फळ घेऊन आत शिरणारा पक्षी, यांतलं काहीही दिसलं तर घरटं चालू आहे. अंड्यांपासून पिलं उडेपर्यंत दीड-दोन महिने लागतात. फांदी रस्त्यावर किंवा बाकड्यावर पडण्यासारखी नसेल तर तेवढं थांबा. धोका असेल तर फांदी बुंध्यापासून तोडू नका. भोकाच्या पुढचा लांब, जड भाग कापला की वजन कमी होतं आणि भोक वाचतं. आमचं मत विचाराल तर निर्धोक जागी असलेली वाळकी फांदी कापूच नये. वस्तीतल्या झाडांवर अशी जागा दुर्मीळ होत चालली आहे आणि तांबटाचं सोडलेलं भोक पुढे इतर पक्षीही वापरतात.

मोहरलेल्या आंब्याखाली गाडी लावली की काचेवर चिकट थेंब पडतात आणि झाडाची पानं काजळी धरल्यासारखी काळी होतात. खाली बारक्या कैऱ्यांचा सडा असतो तो वेगळाच.

थेंब झाडाचे नाहीत, मोहरावरच्या तुडतुड्यांचे आहेत. ते रस शोषतात आणि नको असलेली साखर पाण्यासकट बाहेर टाकतात. मोहराखाली काळा कागद पाच मिनिटं धरा, चकाकणारे बारीक ठिपके पडतील. पानांवरचा काळा थर म्हणजे त्या साखरेवर वाढणारी बुरशी. ओल्या बोटाने घासून पाहा. थर निघून खाली हिरवं पान दिसलं तर बुरशी वरचीच आहे. ती पानात शिरत नाही, फक्त ऊन अडवते. मोहर फुललेला असताना फवारणी टाळा, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या तेव्हाच तिथे असतात. फळं उतरल्यावर आतल्या दाट फांद्या विरळ करा. तुडतुड्यांना दमट सावली लागते. काचेवरचे थेंब वाळल्यावर खरवडू नका. कोमट साबणपाण्यात भिजवलेलं कापड दहा मिनिटं पसरून ठेवा आणि मग पुसा.

कैऱ्यांची गळ नेहमीची आहे. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं, त्यांतली बहुतेक नर, आणि शंभर फुलांमागे एकही फळ पिकेपर्यंत टिकत नाही.

रस्त्यावर मेलेल्या उंदरासारखा वास येतो, पण काहीच सापडत नाही.

वर पाहा. जंगली बदामाचं झाड असेल. या दिवसांत पानं नसलेल्या किंवा नुकती पालवी फुटलेल्या फांद्यांवर मळकट लाल फुलांचे झुबके येतात आणि त्यांच्या दुर्गंधीवर माश्या येतात. पान हाताच्या पंजासारखं, पाच ते नऊ पर्णिकांचं. खाली पडलेलं फूल हुंगलं की खात्री होते. बहर ओसरला की वास जातो. झाड निरुपद्रवी आहे, त्यासाठी ते तोडू नका. मात्र वास एकाच जागी, गॅसच्या पाइपाजवळ आणि सतत येत असेल तर लगेच गॅस कंपनीला कळवा.

फिरायला जातो त्या वाटेवर एका फांदीला अचानक मधमाश्यांचा घोस लटकला आहे. धूर करून घालवावा का?

अजिबात नको. फुलांच्या हंगामात वसाहत वाढली की राणी आणि बऱ्याच कामकरी माश्या जुनं घर सोडतात आणि नव्या जागेचा शोध लागेपर्यंत असा घोस करून विसावतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत त्या निघून जातात. त्यांच्यापाशी राखायला ना पोळं ना पिलं, त्यामुळे डिवचलं नाही तर त्या सहसा शांत असतात. वाट थोडी वळवा. तीन दिवसांनंतरही त्या तिथेच असतील आणि घोसामागे मेणाचं पोळं दिसू लागलं, तर त्यांनी मुक्काम केला. झुडपात डहाळीभोवती तळव्याएवढं पोळं असेल तर ती फुलोरी, तिला राहू द्या. उंच जाड फांदीखाली किंवा इमारतीच्या छज्जाखाली हात-दीड हात रुंद एकच पोळं असेल तर ते आग्या मोहोळ. त्याच्या पृष्ठभागावर लाटा उठताना दिसल्या की माश्यांना धोका जाणवला आहे असं समजा आणि न धावता मागे फिरा. वर्दळीच्या जागी असेल तर प्रशिक्षित मधपाळाला बोलवा. जाळून मोहोळ उतरवणाऱ्याला नाही.

डंख बसलाच तर हात झाडू नका. चेहरा झाकून सरळ रेषेत पळा आणि इमारतीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत राहतात. कातडीत राहिलेला काटा विष सोडत राहतो आणि त्याचा गंध इतर माश्यांना बोलावतो. म्हणून सुरक्षित जागी पोचल्या पोचल्या तो नखाने खरवडून काढा. कसा काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. श्वासाला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, किंवा डझनावारी डंख असतील तर थेट रुग्णालयात जा.

दरवर्षी कुठलं झाड कधी फुलतं ते लिहून ठेवायचं आहे. सुरुवात कशी करावी?

रोजच्या वाटेवरची तीनच झाडं निवडा, दहा नको. त्यांतलं एक पळस, पांगारा किंवा बहाव्यासारखं ठळक फुलणारं असावं. आठवड्यातला एक वार ठरवा. प्रत्येक झाडासाठी सहा रकाने आखा: नवी पानं, जून पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकात 'नाही', 'थोडी' किंवा 'खूप' एवढंच लिहा. झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर असेल तर थोडी, जास्त असेल तर खूप. टक्केवारी लिहायला गेलात तर दर आठवड्याचा अंदाज बदलत राहतो.

सर्वांत जास्त चुकते ती 'नाही'ची नोंद. काहीच नव्हतं म्हणून रकाना रिकामा ठेवला, तर त्या दिवशी झाड पाहिलं होतं की नाही हे वर्षाने कळत नाही. फुलं पहिल्यांदा दिसण्याची तारीख तेव्हाच खरी ठरते जेव्हा आधीच्या आठवड्यात 'नाही' लिहिलेलं असतं. छाटणी, खोदकाम, वळवाचा पाऊस, बुंध्याशी ओतलेलं काँक्रीट हेही शेवटी टिपा. फोटो दर वेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून काढा. भारतभरातून अशाच नोंदी गोळा करणारा 'सीझनवॉच' हा उपक्रम आहे, त्यात आपलं झाड नोंदवून दर आठवड्याची नोंद पाठवता येते. पण वही सोडू नका. पुढच्या वर्षी त्याच आठवड्याचं पान उघडून झाडाखाली उभं राहता येतं, ते वहीमुळेच.